अकर्मक चहा

स्वतःच्या पुस्तकाचं परीक्षण स्वतःच लिहू नये, असा एक संकेत आहे. मराठीत तो फार काटेकोरपणे पाळला जातो असं नाही. लोक फार तर टोपणनाव घेतात, नाहीतर मेव्हण्याची सही घेतात. मी मात्र तो आजवर पाळला. माझा पहिला लेखसंग्रह १९८४ साली निघाला, तेव्हा त्याच्यावर एकूण तीन परीक्षणं आली. एकात 'प्रसन्न' हा शब्द होता, दुसऱ्यात 'खुसखुशीत' आणि तिसऱ्यात 'प्रसन्न आणि खुसखुशीत'. शहरातल्या मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातले छोटे छोटे आनंद लेखकानं अलगद टिपले आहेत, असंही तिघांनी म्हटलं होतं. ती कात्रणं मी जपून ठेवली आहेत. एवढी वर्षं माझी समजूत अशी होती की माझ्या पुस्तकाबद्दल सांगण्यासारखं जे काही होतं, ते या तिघांनी सांगून टाकलेलं आहे.

चौथं परीक्षण व्हायला चाळीस वर्षं लागली. ते कुठं छापून आलं नाही. आमच्या घरातच झालं, तोंडी झालं, आणि ते करणाऱ्या परीक्षकाला त्याचं मानधनही मिळालं नाही. म्हणून ते मी इथं लिहून काढतो आहे. तेव्हा वाचकहो, हे माझ्या पुस्तकाचं मी केलेलं परीक्षण नव्हे. मी फक्त लेखनिक आहे.

झालं असं. माझ्या प्रकाशकाच्या चिरंजीवांचा फोन आला. "काका, तुमच्या जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतोय. आठ दिवसांत मुद्रितं तपासून द्या." मी आनंदानं 'हो' म्हटलं. माणूस आनंदात असला की त्याला तारखांचं भान राहत नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालायचं भलंमोठं वेळापत्रक दिलं आणि वर सांगितलं, "काही दिवस वाचन बंद." इकडे टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा येऊन पडलेला.

आता आमच्या हिने एकतीस वर्षं गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवलं आहे. दुसऱ्यांच्या मुलांच्या ऱ्हस्वदीर्घांवर तिनं जेवढी लाल शाई खर्च केली, तेवढ्या शाईत माझं समग्र वाङ्मय लिहून झालं असतं. ती म्हणाली, "आणा इकडे. मी मोठ्यानं वाचते, तुम्ही डोळे मिटून ऐका."

"तू वाचलंयस ना हे पुस्तक?" मी विचारलं.

"चाळलंय."

चाळीस वर्षं मी 'चाळलंय'चा अर्थ 'वाचलंय' असा घेत आलो होतो. अर्पणपत्रिका मात्र तिला पाठ होती. पुस्तक मी 'ती. आईस' अर्पण केलेलं आहे.

पहिलाच लेख 'पहाटेचा चहा'. हिने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "'बाहेर अजून नीट उजाडलेलं नसतं. खिडकीतून गार वाऱ्याची झुळूक येते आणि तिच्या पाठोपाठ वाफाळलेला चहा येतो...'"

आणि थांबली.

"येतो? कुठून येतो?"

"म्हणजे... आतून."

"आतून कुठून? गॅसला नंबर लावून आपण वाट बघत होतो तेव्हा. रॉकेलचा स्टोव्ह होता. वाऱ्याच्या झुळकेपाठोपाठ तो कसा येईल? वारा आला की स्टोव्ह विझायचा."

"अगं, ती एक लिहिण्याची शैली असते."

"शैली असेल. मी क्रियापद विचारतेय. 'येतो' हे सकर्मक की अकर्मक?"

डोळ्याला गॉगल लावून, खुर्चीत पाठ ताठ करून मी सातवीतल्या मुलासारखा म्हणालो, "अकर्मक."

"कर्ता कोण?"

"चहा."

"शाब्बास! पुढे वाचते."

अन् तिनं समासात एक बारीकशी लाल खूण केली. मला ती दिसली नाही, पण पेन्सिलीचा आवाज आला. पुढल्या सहा दिवसांत तो आवाज मला पुष्कळ वेळा ऐकू आला. बावीस लेख वाचून झाल्यावर तिनं हिशेब मांडला. या पुस्तकात चहा एकंदर चौतीस वेळा 'आला' आहे. तीन वेळा 'समोर ठेवला गेला' आहे. एकदा इराण्याकडे 'मागवला' आहे. पावसाळ्यात कांदाभजी 'झाली' आहेत, जशी सर्दी होते तशी. थालीपीठ 'ताटात पडलं' आहे, बहुतेक छपरातून. रात्री अंथरूण 'घातलेलं होतं'. सगळ्या पुस्तकात चहा 'केला' असा प्रयोग फक्त एका लेखात आहे. लेखाचं नाव 'मी चहा करतो'. ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाची ती गोष्ट आहे. काडेपेटी सापडत नाही, साखरेच्या डब्यात रवा निघतो, दूध उतू जातं, बोट भाजतं. नऊ पानं. तिन्ही परीक्षकांनी या लेखाचा 'विशेष उल्लेख' केलेला आहे.

"एका चहाला नऊ पानं," ही म्हणाली. "मी दिवसाला चारदा चहा टाकला असं धरा. चाळीस वर्षांचे झाले अठ्ठावन्न हजार चारशे. नऊनं गुणा. पाच लाख पंचवीस हजार सहाशे पानं तुमच्याकडून येणं आहेत. सावकाश द्या, घाई नाही."

आता कुठलाही लेखक अशा प्रसंगी जे करतो तेच मी केलं. परंपरेच्या आड लपलो. "अगं, मी एकटा का असं लिहितो? आमचं घराणंच तसलं आहे," असं म्हणून मी आमच्या घराण्याचा इतिहास सांगायला घेतला. ऐकणारीनं तो एकतीस वर्षं वर्गात शिकवला होता, हे त्या आवेशात मी विसरलो.

पण इतिहास मात्र खरा आहे, आणि तो सांगताना माझा आवाज थोडा हळवा होतो. आमच्याकडे निबंध म्हणजे मुळात भारदस्त वस्तू. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हापासून निबंधकार हा पागोटं घातलेला माणूस. त्यानं देशाबद्दल बोलावं, भाषेबद्दल बोलावं, समाजाला चार खडे बोल सुनवावेत. आपल्या छत्रीबद्दल त्यानं बोलणं म्हणजे असभ्यपणाच. मग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात गार्डिनर, लिंड वगैरे इंग्रज मंडळींच्या वाचनातून आमच्याकडे लघुनिबंध आला. ना. सी. फडक्यांच्या 'गुजगोष्टी' १९३३ साली पुस्तकरूपानं निघाल्या, अनंत काणेकरांची 'पिकली पाने' १९३४ साली, आणि खांडेकरही त्याच वाटेवर होते. पागोटं खुंटीला टांगून निबंधकार आरामखुर्चीत रेलला आणि वाचकाच्या कानाशी बोलायला लागला.

ही लहानसहान गोष्ट नव्हती, बरं का! दोन खोल्यांत राहणाऱ्या, सकाळी लोकलला लटकणाऱ्या कारकुनाला आमच्या वाङ्मयानं तोवर दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. संतांनी सांगितलं की तुझा प्रपंच ही माया आहे. सुधारकांनी सांगितलं की तुझा प्रपंच हा प्रश्न आहे. लघुनिबंधानं त्याला पहिल्यांदा सांगितलं की बाबा रे, तुझा प्रपंच ही गंमतही आहे. तुझी रविवारची दाढी, तुझं फाटकं पाकीट, संध्याकाळी खिडकीत उभं राहून तू काढलेली दहा मिनिटं, ही लिहिण्याच्या लायकीची आहेत. वयाच्या विसाव्या वर्षी हे वाचून मी लिहायला लागलो. त्या घराण्याचं ऋण मी नाकारणार नाही, आणि कुणी त्याला 'चहाच्या पेल्यातलं वाङ्मय' म्हणून हिणवलं तर मी आजही भांडायला उठेन.

मात्र खुर्चीबरोबर आणखी एक वस्तू विलायतेहून आली असावी, असा माझा आपला एक तर्क आहे. तिकडच्या आरामखुर्चीत बसलेल्या गृहस्थापुढे चहा 'यायचा', कारण तो आणायला माणूस ठेवलेला असायचा. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत खुर्ची आली, खुर्चीबरोबर क्रियापदही आलं. नोकर काही आला नाही. मग त्या रिकाम्या जागेवर घरात जे कुणी होतं, त्याची आपोआप नेमणूक झाली. नेमणूकपत्र नाही, पगार नाही, अन् वाक्यात उल्लेखही नाही. फडक्यांच्या किंवा काणेकरांच्या पुस्तकांतून हिने लाल पेन्सिल फिरवलेली नाही, तेव्हा त्यांचा हिशेब मी मांडत नाही. मी माझ्या चौतीस चहांबद्दल बोलतो आहे.

घराण्यात वेगळ्या वळणाचे लोकही झाले. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव घ्या. तोही पांढरपेशाच, तोही घरातल्या बारीकसारीक गोष्टीच सांगतो. पण त्याच्या घरात काऊ नुसती वावरत नाही. ती बोलते, आणि तिच्या बोलण्यानं गोष्ट पुढे सरकते. असं का? मला वाटतं, चिमणराव हा फजितीचा धनी आहे आणि माझ्यासारखे लेखक रसिकतेचे. ज्याची फजिती होते त्याला आजूबाजूची माणसं दिसावीच लागतात, कारण फजिती त्यांच्यासमोरच होत असते. रसिकाला मात्र कपातली वाफ दिसली की पुरे. माझ्या पुस्तकातला सगळ्यांत बरा लेख 'मी चहा करतो' हाच निघावा, यात मला आता काही नवल वाटत नाही. तेवढ्या एका लेखात माझी फजिती झालेली आहे.

असा विचार करत मी शेवटचं अस्त्र काढलं. "अगं, मराठी विनोदाची सुरुवात जिथून मानतात, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं पुस्तक घे. १९१० साल. 'सुदाम्याचे पोहे'. नावातच खाद्यपदार्थ आहे. म्हणजे ही आमची परंपरा किती जुनी..."

"पोहे सुदाम्याचे कधी होते?" हिने विचारलं.

मी गप्प.

"त्याच्या घरात मूठभर पोहे असते, तर तो द्वारकेला कशाला गेला असता? भागवतात दहाव्या स्कंधात आहे बघा. जा म्हणून मागे लागली बायको. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणले बायकोनं. फडक्यात बांधून दिले बायकोनं. हा काय, नुसता घेऊन गेला! तेही तिथं गेल्यावर लाजून लपवत बसला. म्हणजे वाहतूक तेवढी सुदाम्याची. तिचं तर भागवतात नावही नाही. आणि तुम्ही लोकांनी पोहे केले सुदाम्याचे!"

मी म्हणालो, "अगं, पण कोल्हटकरांचा सुदामा वेगळा. तो, बंडूनाना आणि पांडूतात्या मिळून आपल्या रूढींची काय रेवडी उडवतात! केवढं काम केलंय त्या पुस्तकानं..."

"पुस्तकाला मी कुठं काही म्हणतेय? मीच शिकवलाय की त्यातला विनोद. मी नावाबद्दल बोलतेय. षष्ठी चुकलीय."

षष्ठी चुकलीय! शंभराहून अधिक वर्षांत मराठी समीक्षकांपैकी कुणाला हे दिसलं होतं का, मला ठाऊक नाही. आमच्या घरी डाळ निवडता निवडता दिसलं.

तरी मी हार मानली नाही. मी माझा सिद्धांतच मांडला. म्हटलं, "हे बघ, ललित लेख हा हलकाफुलका प्रकार आहे. त्यात स्टोव्हची काजळी, रॉकेलची रांग, भाजलेली बोटं सगळं घातलं तर ती सामाजिक कादंबरी होईल. वजनानं फुगा खाली येतो. ललित लेखाला घाम चालत नाही."

ही काही बोलली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि तिच्या कपाटातली चार पुस्तकं आणून तिनं माझ्या मांडीवर ठेवली. डोळे मिटलेले असले तरी वजनावरून पहिलं मी ओळखलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

आणि माझा सिद्धांत तिथंच निकालात निघाला. १९३४ ते ३६ या काळात भागाभागानं निघालेलं हे पुस्तक. नवरा कवी. मनानं राजा, आणि हातात आलेलं देऊन टाकणारा. उद्या चूल कशी पेटणार याची चिंता चुलीपाशी बसलेल्या बाईला. त्या पुस्तकात घाम आहे, उपास आहेत, ताटातुटी आहेत, आणि वाचताना आपण खदखदून हसत असतो. फुगा खाली येत नाही. हसू येतं ते घाम पुसून झाल्यावर नव्हे, घामातूनच येतं. कवीचा संसार कवीनं लिहिला असता तर त्यात चांदणं जास्त आलं असतं. पण रात्री घरात तेल होतं की नव्हतं, ते कळलं नसतं.

दुसरं पुस्तक इरावती कर्व्यांचं, 'परिपूर्ती'. त्या नावाच्या लेखात त्या सांगतात की एका सभेत त्यांची ओळख करून दिली गेली ती थोरामोठ्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी, आणि त्यात काहीतरी राहून गेल्याची रुखरुख त्यांना लागली. पुढं रस्त्यात चाललेली पोरं 'आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई' म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवतात, आणि ओळख पुरी होते. रस्त्यावर फुकट सापडलेला एक छोटासा आनंद. माझ्याच दुकानातला माल! पण त्यात अख्खं घर आणि घरातलं बाईचं ठिकाण मावलेलं आहे. माझ्या 'पहाटेच्या चहा'त फक्त मी मावलो आहे, तोही मांडी घालून.

तिसरं सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी'. हे १९९० साली आलं, तेव्हा माझ्यासारख्या किरकोळ विनोदी लेखकांच्या घरांत थोडी घबराट पसरली होती. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाचं घर आतून कसं चालतं, ते घर चालवणारीनं लिहिलं होतं, आणि लिहिताना स्वतःलाही सूट दिली नव्हती. मी ते एका रात्रीत वाचून काढलं आणि सकाळी, उंची गाठता येणार नाही अशा बेतानं, सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. ते हिच्या कपाटात कधी गेलं, हे मला आज कळलं.

चौथं 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं, १९७० सालचं. मी हसलो. "हे कशाला? हे काय ललित आहे?"

"नाही. पण त्यात काहीही आपोआप येत नाही. वाटीनं, चमच्यानं मोजून घ्यावं लागतं. मराठीतलं सगळ्यांत सकर्मक पुस्तक आहे ते."

इथपर्यंत माझा पराभव वाङ्मयीन होता आणि वाङ्मयीन पराभवाची मला सवय आहे. खरी गंमत पुढे झाली. सतरावा लेख 'कोरी घडी' सुरू होता. माझा आवडता लेख. सकाळी दारात पडलेलं वर्तमानपत्र, त्याची न मोडलेली घडी, शाईचा वास. जगातली बातमी या इमारतीत सर्वांत आधी आपल्याला कळणार, हा बारीकसा गर्व. दुधाच्या रांगेमुळे चहाला रोज पंधरा मिनिटं उशीर होतो, ती पंधरा मिनिटं मी त्या घडीकडे नुसता बघत बसतो, चहा आल्याशिवाय ती मोडत नाही, वगैरे. सरकारी दूधकेंद्राच्या गोगलगाईच्या कारभारावर त्यात दोन कोट्याही आहेत.

वाचता वाचता हिला हसू फुटलं. वाचणं थांबलं. पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली.

"काय झालं?"

"काही नाही. त्या केंद्रावर रांग पाच मिनिटांची असायची."

"मग पंधरा मिनिटं उशीर?"

जरा वेळ ती काही बोलली नाही. मग सांगायला लागली. पहाटे पाचला ती पिशवीत रिकाम्या बाटल्या घेऊन खाली उतरायची. कार्ड दाखवायचं, रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या, झालं. येताना कोपऱ्यावर एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर ती बसायची. समोर फुटपाथवर पेपरवाली पोरं गठ्ठे सोडून वाटण्या करत. त्यांतला एक मुलगा रात्रशाळेत जात होता. तो तिला एक पेपर वाचायला द्यायचा आणि त्या बदल्यात प्रयोग विचारायचा. कर्तरी, कर्मणी, भावे. पहिलं पान आणि शेवटचं पान वाचून, घडी होती तश्शी करून, ती पेपर परत द्यायची.

"कुणाचा पेपर?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं.

"आपलाच. दुसऱ्यांचा वाचणं बरं दिसत नाही."

म्हणजे माझी कोरी घडी रोज एकदा मोडून माझ्याकडे येत होती! क्रिकेटचा स्कोअर मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवायचो तेव्हा ही आतून "हो का?" म्हणायची, त्या 'हो का'त आश्चर्य कधीच का नसायचं, ते मला आज समजलं.

"त्या पंधरा मिनिटांत मला कुणी हाक मारत नसे," ती म्हणाली. "वर गेलं की स्टोव्ह, मुलांचे डबे, तुमचा चहा, सातला शाळेची घंटा. खाली पायरीवर नुसतं बसायचं. दगड गार असायचा. बाटल्यांना दव धरलेलं असायचं. रस्ता झाडणाऱ्या बायकाही कधी टेकायच्या शेजारी. बास, एवढंच."

छोट्या छोट्या आनंदांवर बावीस लेख लिहिलेल्या लेखकाच्या घरातला सगळ्यांत चांगला छोटा आनंद त्याला चाळीस वर्षं माहीत नव्हता. तो खिडकीत बसून त्याच आनंदाच्या उशिरावर कोट्या करत होता.

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच्यावर लेख लिहिला असता. मग ती पायरी माझी कुठं राहिली असती?"

याला उत्तर नव्हतं. माझ्या व्यवसायावर एवढी नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही. आम्ही 'अलगद टिपतो' म्हणजे काय करतो, ते त्यात आलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "आता लिहू?"

"आता लिहा. ते दुकान पाडून तिथं टॉवर झालाय. पायरी कुठं उरलीय?"

मग मुख्य प्रश्न. मुद्रितं परत पाठवायची होती. मी मोठ्या मनानं म्हणालो, "त्या चौतीस ठिकाणी दुरुस्ती कर. 'हिने चहा केला' असं घाल."

"काही नको," ही म्हणाली. "तेव्हा तुम्हाला तो आलेलाच दिसत होता. आता दुरुस्त केलात तर ते खोटं होईल. शुद्धलेखनाच्या चुका सांगा, सुधारते. स्वभावाच्या मी नाही सुधारत. आणि एक लक्षात घ्या, चहा मलाही आवडायचा हो. करण्याचा मला वैताग नव्हता. रोज आवर्जून बघत होते, लेखात कुठं तरी 'ही' येते का. 'ही' यायची ती विनोद करायचा असला म्हणजे."

तेव्हा नवी आवृत्ती जशीच्या तशी निघते आहे. हिने सगळ्या पुस्तकात एकच बदल केला. 'कोरी घडी' या मथळ्यातल्या 'कोरी'पुढे कंसात एक प्रश्नचिन्ह टाकलं. प्रकाशकाच्या चिरंजीवांना ती छपाईची चूक वाटली, त्यांनी फोन करून विचारलं. मी सांगितलं, राहू द्या. या आवृत्तीत खरं असं तेवढंच एक चिन्ह आहे.

परीक्षणाच्या शेवटी निष्कर्ष लिहायचा असतो, तो असा: पुस्तक प्रसन्न आहे, खुसखुशीतही आहे. मुद्रणदोष थोडे आहेत, कर्तृदोष चौतीस आहेत. लेखक छोटे आनंद टिपण्यात वाकबगार आहे. ते आनंद कुठून येतात, इकडे त्याचं लक्ष नाही. विनोदी लेखकाला हे शोभत नाही, कारण विनोदाचा निम्मा ऐवज तिथंच पडलेला असतो. संग्रही ठेवावं, पण 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवू नये.

डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली त्या दिवशी मी पहाटे पाचला उठलो. आता स्टोव्ह नाही, गॅस आहे. बाटल्या नाहीत, पिशवी आहे. तरी काडेपेटीऐवजी वापरायचा तो लायटर सापडायला दहा मिनिटं लागलीच. आलं किसून घातलं, साखर दोनदा चाखून खात्री करून घेतली, दूध उतू जाऊ दिलं नाही. दोन कप ट्रेमध्ये ठेवून बाहेर आलो. ही खिडकीपाशी माझ्याच खुर्चीत, माझंच वर्तमानपत्र उघडून बसली होती. घडी मोडलेली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

पेपरातून मान वर न करता ती म्हणाली, "अरे वा! आला का चहा?"